शत्रू व्हायला कोणीच तयार नव्हतं

त्या साली आमच्या गावात तीन गोष्टी एकामागून एक झाल्या. मे महिन्यात आम्ही भंडारा जिल्ह्यातून गोंदिया जिल्ह्यात गेलो. मग कारगिलची लढाई झाली. मग निवडणूक आली. या तिन्हींसाठी गावातलं कोणी जागचं हललं नाही, पण दमले सगळे.

जिल्हा बदलला त्या दिवशी मी रोजच्यासारखी उठले आणि सडा घातला. अंगण तेच होतं, शेणही त्याच गाईचं होतं. आमचा बुढा, म्हणजे माझा नवरा, सकाळीच दाढी करून धुतलेलं धोतर नेसून तयार झाला. मी विचारलं, "कुठे चालले?"

"नवीन जिल्ह्यात," तो म्हणाला आणि पानठेल्यावर जाऊन बसला. दुपारी जेवायला परत जुन्याच घरी आला.

लढाईचं तसंच. आमच्या गावातला एकही माणूस फौजेत नव्हता. सौंदडकडचा एक जण कधीकाळी फौजेत स्वयंपाकी होता, त्याला बोलावून मारुतीच्या पारावर त्याचा सत्कार केला. तो भाषणात फौजेची डाळ कशी शिजवतात तेच सांगत बसला, तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. पानठेल्यावरच्या रेडिओपाशी गडीमाणसं दिवसभर उभी. सडक अर्जुनीत तहसील कोणत्या बाजूला आहे हे ज्यांना विचारून जावं लागायचं, ते कोणत्या टेकडीवर कोणत्या वाटेने चढायला पाहिजे ते सांगू लागले. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकायला आले होते, ते आम्ही बायकांनी टाकले.

लढाई तिकडे संपली, आमच्याकडे संपली नाही. किराणा दुकानाला विजय नाव पडलं. एकाने नव्या म्हशीला तोफ म्हणायला सुरुवात केली. ती दूध काढताना लाथ मारायची, म्हणून ते नाव तिला शोभलंही.

त्यातच निवडणूक. दिल्लीची आणि मुंबईची एकदमच होती, म्हणून जीपगाड्याही दुप्पट. जो उमेदवार यायचा तो असा बोलायचा की ती टेकडी त्यानेच चढून घेतली. एक पांढऱ्या सफारीतले साहेब आमच्या दारी हात जोडून उभे राहिले. मी म्हटलं, "नाल्यावर रपटा कधी बांधाल? पाण्याच्या दिवसांत पोरी शाळेत जाऊ शकत नाही."

ते म्हणाले, "माताजी, पहले देश."

"देशात नाला येते का नाई?" मी विचारलं.

साहेब हसले आणि शेजारच्या घराकडे वळले. ते पडले निवडणुकीत. माझ्यामुळे नाही, पण पडले.

मग दिवाळी आली, आणि दिवाळीमागून मंडया. आमच्या भागात भाऊबीज झाली की आज या गावची मंडई, उद्या त्या गावची, असं चालतं. दुपारी गावाबाहेर बाजार भरतो. गोवारी ढाली, म्हणजे सजवलेले बांबू, नाचवत येतात, शिंगाडे, ऊस, गोडशेव विकायला येतात, लेकी माहेरी येतात, जावई नवे कपडे घालून उगाच फिरतात, आणि लग्नाची पोरं-पोरी एकमेकांकडे न पाहिल्यासारखं करून नीट पाहून घेतात. मधोमध दंडार होते. दंडार म्हणजे नाच, गाणी आणि सोंगं. कामं सगळी गड्यांनीच करायची, बाईचंसुद्धा. बायकांनी चटईवर बसून पाहायचं आणि मग घरी येऊन पाहुण्यांचा भात टाकायचा.

आमचा बुढा दंडारीत राणी व्हायचा. आमच्या लग्नाच्या आधीपासून. मला पाहायला आला तेव्हा त्याला मिशी नव्हती. माझ्या बापाने विचारलं तेव्हा माझा सासरा म्हणाला, "दंडारीत आहे तो." माझ्या बापाला ती नोकरी वाटली आणि त्याने मुलगी दिली.

पोळा झाला की बुढा मिशी काढायचा, मंडई झाली की वाढवायचा. राणीचं काम एवढंच की राजा लढाईत मरतो आणि राणी त्याच्यावर पडून रडते. पण ते रडणं ऐकायला लोक लांबून यायचे. बाया पदर ओले करायच्या. मी ते इतक्यांदा ऐकलं होतं की त्या वेळात मी लसूण सोलून घ्यायची.

त्या साली दंडार मंडळाचा अध्यक्ष बदलला. किराणा दुकानवाला, माझ्या चुलतजावेचा मुलगा, म्हणजे आमचा पुतण्याच. माल आणायला गोंदियाला जायचा, तिथून दर वेळी थोडी हिंदी आणि थोडी अक्कल घेऊन यायचा. अक्कल वाटेत सांडायची. पोळ्यानंतर मिशी काढून, पेटीतल्या साडी-बांगड्या घेऊन बुढा पहिल्या तालमीला गेला तर पुतण्या म्हणाला, "काकाजी, इस साल राजा-रानी कँसल. इस साल लढाई. आपलाच विजय दाखवाचा आहे."

"मग मी का करू?"

"लढाईत बाई नसते ना काकाजी. तुमी पर्दा ओढा."

बुढा घरी आला आणि बाजेवर आडवा झाला. बिनमिशीचा आणि बिनकामाचा. जेवत होता, पण बोलत नव्हता, आणि न बोलणारा माणूस जेवताना फार आवाज करतो. असे बरेच दिवस गेले. एकदा मी वैतागून म्हटलं, "पर्दा ओढला तर हात झिजते का तुमचा?"

तेव्हा तो बोलला. "तुले आठवत नाई का, आपला तो जुना विदूषक? त्याले असाच पर्दा देला. दुसऱ्या साली चटया झाडाले देल्या. तिसऱ्या साली त्याले बोलावनं आलंच नाई. एकदा पर्दा हातात आला का मानूस पुन्हा पर्द्याच्या पुढे येत नाई."

हे खरं होतं. त्या विदूषकाला मीही पाहिलं होतं. मंडईच्या दिवशी तो शेतात जाऊन बसायचा, कामही नसताना. आमच्याकडे शेत घराला लागूनच, म्हणजे बुढा तिथे बसला की मला दिवसभर दिसणार. ते मला परवडणारं नव्हतं.

इकडे तालमीत वेगळाच घोळ झाला. कारगिलची लढाई करायची तर दोन बाजू लागतात. आपल्या फौजेत भरती व्हायला गावातला प्रत्येक गडी आला. ज्याला रात्री गोठ्यात एकट्याला जायची भीती वाटायची तोही आला. कोणाला कॅप्टन व्हायचं होतं, कोणाला कर्नल. शिपाई कोणीच नव्हता, पण ते तरी चाललं असतं. शत्रू व्हायला मात्र कोणीच तयार नव्हतं.

पुतण्याने आधी गोडीत सांगून पाहिलं. एक म्हणाला, "मंडईले माहा सासरा येते. का म्हनन तो, पोरगी कोनाले देली म्हून?" दुसऱ्याचं लग्न जमायचं होतं. तो म्हणाला, "मंडईत मले पाहाले पावने येऊन राहिले. शत्रूले पोरगी कोन देईन बाप्पा?" तिसरा म्हणाला, माझी बायको घरात घेणार नाही. त्याच्या बायकोला मी ओळखते, तिने खरंच घेतलं नसतं. चिठ्ठ्या टाकून पाहिल्या. ज्याचं नाव निघालं त्याला तिथल्या तिथे ताप भरला. पुतण्याने अंगाला हात लावून पाहिलं तर खरंच गरम लागलं. भीतीने असेल किंवा चुलीजवळ बसला असेल.

मग मंडळाची माणसं सायकली काढून शेजारच्या गावी गेली. म्हटलं, तुमचे काही गडी आमच्या दंडारीत शत्रू म्हणून द्या, चहा-फराळ आमचा. ते गाववाले म्हणाले, "आमीच तुमच्याकडे येऊन राहिलो होतो गा! आमच्याही दंडारीत कारगिलच आहे. आमालेच शत्रू भेटून नाई राहिला." दोन्ही गावं चहा पिऊन आपापल्या घरी गेली.

शेवटी बिनशत्रूची लढाई करून पाहिली. मी त्या दिवशी दुकानात तेल आणायला गेले होते, तालीम समोरच चालली होती. सगळी फौज बांबूच्या बंदुका घेऊन ओरडत धावत गेली, रिकाम्या जागेवर उभी राहिली, आणि एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. धानावरची पाखरं हाकलून राहिले असं वाटलं.

मी पुतण्याला म्हटलं, "माहा बुढा घे."

"काकाजी? ते तर रानी होते ना, काकी."

"रानीले मरता नाई येत का? मरनंच आहे ना शत्रूले?"

"पन लोक का म्हनतीन? आपलेच काकाजी अन शत्रू?"

"तुह्याजवळ दुसरा आहे का कोनी?"

तो डोकं खाजवू लागला. त्याच्याजवळ नव्हता.

घरी येऊन मी बुढ्याला सांगितलं. आधी तो उठून बसला आणि चिडला. गावातला कोणी उरला नाही म्हणून माझ्या अंगावर घातलं, म्हणाला. मी म्हटलं, हो, म्हणूनच. मग त्याने विचारलं, "बोलनं किती आहे?"

"बोलनं नाई. मरायचं."

"कसं मरायचं?"

"ते मले का विचारता? गोळी लागते, मानूस मरते."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पोळी करपवली. "अवो, मरनं म्हनजे का सोपं आहे?" म्हणाला, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात मरण सुरू झालं.

सकाळी अंगणात मरायचा, दुपारी ओसरीवर. कधी कुशीवर पडायचा, कधी खांबाला धरून हळूहळू खाली घसरायचा. गोठ्यात मेला तेव्हा गाय दावं तोडून वाडीत गेली. आमची सून नवीनच होती. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली तर सासरा ओसरीवर डोळे पांढरे करून पडलेला. तिने अशी किंकाळी फोडली की शेजारच्या बाया केस मोकळेच ठेवून रडायच्या तयारीने आल्या. बुढा उठून बसला आणि सुनेला म्हणाला, "बाई, खरं वाटलं ना?" मामाजींना मान द्यायचा म्हणून ती हो म्हणाली आणि नंतर दोन दिवस भाजीत मीठ टाकायला विसरली.

शत्रू काय घालतो हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. बुढ्याने स्वतःच्या लग्नातला काळा कोट काढला. तो पोटावर लागत नव्हता, म्हणून उघडाच ठेवला. डोक्यावर माझा भाताचा जर्मनचा गंज, म्हणजे पातेलं, पालथा घातला. मी म्हटलं, "गंज न्याल तर मंडईच्या दिवशी पाव्हण्यांचा भात कशात टाकू?" तो म्हणाला, "मी मरेपर्यंत थांब."

मंडईच्या दिवशी मैदानात टेकडी उभी केली. दोन बैलबंड्या, त्यावर बांबूची चौकट, वरून तणस, म्हणजे धानाचा पेंढा. बर्फ दिसावं म्हणून पुतण्याने दुकानातून मुरमुऱ्यांचं पोतं आणून टेकडीभर उधळलं. बकऱ्या आल्या. निम्मं बर्फ लढाईच्या आधीच बकऱ्यांनी खाल्लं, उरलेलं पोरं खिशात भरून घेऊन गेली.

निवडून आलेल्या साहेबांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. ते आले नाहीत, त्यांना सगळीकडूनच बोलावणं होतं. पडलेले आले. तेच पांढऱ्या सफारीतले. ठरलं असं होतं की फौजेने शत्रूला मारून टेकडी घ्यायची, मग साहेबांनी वर चढून झेंडा लावायचा आणि विजयावर भाषण करायचं. साहेबांना त्याच दिवशी आणखी एका गावच्या मंडईत विजयावर भाषण होतं, म्हणून ते सारखे घड्याळ पाहत होते.

लढाई सुरू झाली. फटाक्यांच्या लडी लावल्या. सगळी फौज खालून ओरडत निघाली आणि टेकडीवर काळा कोट घातलेला आमचा बुढा एकटा. लोक आधी हसले. माझी नणंद माझ्या कानात म्हणाली, "वयनी, दादा तर स्वयंपाकाले बसला वाटते." गंजामुळे खरंच तसं दिसत होतं.

मग कॅप्टनने बंदूक रोखली आणि बुढ्याला गोळी लागली.

काय सांगू. त्याने छातीवर हात ठेवला. आभाळाकडे पाहिलं. एक पाऊल पुढे आला, दोन मागे गेला. गंज काढून हळूच बाजूला ठेवला, म्हणजे त्याला पोचा पडू नये, हे मला कळलं, पण लोकांना वाटलं तो टोप उतरवून देवाला नमस्कार करतो आहे. मग गुडघ्यावर आला आणि राणीच्या त्या ठेवणीतल्या आवाजात एकदाच म्हणाला, "माय वो!" आणि तणसावर असा आडवा झाला की एक काडी हलली नाही.

माझ्या शेजारची म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "कोनाचं असन बिचारं लेकरू." मी म्हटलं, "माहा नवरा आहे तो. त्याची माय मरून लय वर्सं झाली." तरी ती रडतच राहिली.

साहेब झेंडा घेऊन उठले. तेवढ्यात मागून कोणी तरी ओरडलं, "वन्समोर!"

आमच्याकडे वन्समोर मिळालं की ते काम पुन्हा करावंच लागतं. नाही म्हटलं तर लोक चटया उचलून निघतात आणि आजूबाजूच्या गावांत जाऊन सांगतात की यांच्या कलाकाराला गर्मी चढली. राणीच्या रडण्याला दर साली वन्समोर मिळायचं, बुढ्याला सवय होती. तो उठला, कोट झटकला, गंज घातला आणि टेकडीवर उभा राहिला. फौजेला कळेना काय करावं. "खाली जा ना गा," बुढा त्यांना म्हणाला. "खालून या. मी असाच कसा मरू?"

जिंकलेली टेकडी सोडून फौज खाली उतरली. साहेब परत खुर्चीवर बसले.

दुसऱ्यांदा तो खांद्यात गोळी लागून मेला, आणि मरता मरता फौजेतल्या एकाकडे पाणी मागितलं. त्याच्याजवळ पाणी नव्हतं. पब्लिकमधून एका बाईने तांब्या पाठवला. शत्रू पाणी प्यायला, तिला नमस्कार केला आणि मेला. आता तर सगळं मैदान ओरडायला लागलं. वन्समोर! वन्समोर! फौज पुन्हा खाली. साहेब पुन्हा खुर्चीवर.

तिसऱ्या वेळेपर्यंत फौज थकली होती. कर्नलची चप्पल तुटली. ज्याचं लग्न जमायचं होतं तो गडी धापा टाकत हळूच म्हणाला, "काकाजी, मरा ना आता नीट. पावने पाहून राहिले, मी सारखा हरूनच राहिलो."

"मले का सांगतेस? पब्लिकले सांग," बुढा म्हणाला.

चौथ्या वेळी साहेबांचा धीर सुटला. लोक ओरडत असतानाच ते झेंडा घेऊन टेकडी चढायला लागले. बुढा मेलेला होता, तो उठून उभा राहिला. "साहेब, थांबा. टेकडी आजून माही आहे. आजून वन्समोर बाकी आहे."

"अरे भाई, मर गया ना तू!"

"हो, पन लोकाइले पुन्हा पाहाचं आहे."

साहेब तणसात गुडघ्यापर्यंत रुतून उभे. लोक हसून हसून लोळायला लागले. एक बकरी साहेबांच्या मागे चढली, तिला अजून बर्फ मिळेल असं वाटलं असावं. पुतण्या धावत माझ्याकडे आला. घामाने डबडबला होता. "काकी, उतरवा त्याइले खाली! साहेब नाराज होऊन राहिले. आपल्याले समाजमंदिर मागाचं होतं त्याइले."

"ते पडले ना? कोठून देतीन समाजमंदिर?"

"काकी, हात जोडतो."

लोक आता दमले होते, वन्समोरही पातळ झालं होतं. तरी बुढा उतरत नव्हता. फौजेला खुणा करत होता, या, पुन्हा या. आणि मला कळलं काय झालं आहे. तो खाली उतरला की संपलं. मिशी वाढवायची आणि पुढच्या साली पर्दा ओढायचा.

दंडारीच्या जागेत बाई जात नाही. मी गेले. टेकडीच्या पायथ्याशी उभी राहिले आणि म्हटलं, "अवो, उतरा. भात टाकाचा आहे, गंज पायजे."

"गंज घेऊन जा," तो म्हणाला आणि वरून गंज दिला. स्वतः उतरला नाही. मग हळूच म्हणाला, "खाली येऊन का करू? पर्दा ओढू?"

मी पुतण्याला हाक मारली. तो आला. मी म्हटलं, "पुढच्या साली काकाजीले काम देशीन का?"

"देऊ ना काकी, पाहू ना."

"पाहू नाई. बोल. भोंग्यात बोल, सगळ्याइले आइकू जाऊ दे."

त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. साहेब तणसात, फौज खाली बसलेली, बकरी वर. त्याने माईक घेतला आणि म्हणाला, "पुढच्या साली काकाजीले बोलन्याचं काम भेटन."

"कोनतं?" बुढ्याने वरून विचारलं.

"काकाजी, जे पायजे ते."

"रानीचं."

"रानीचं," पुतण्या माईकमध्ये म्हणाला. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

"मग मी शरन आलो," बुढा म्हणाला आणि उतरायला लागला.

आता फौजेने अडवलं. कॅप्टन म्हणाला, असं कसं, शत्रू मेलाच पाहिजे, नाही तर आपला विजय कसा दिसेल? बुढा म्हणाला, मी एवढ्यांदा मेलो तेव्हा तुम्हीच घेतला नाही विजय, आता आपला तह झाला. लोकांतही दोन पार्ट्या पडल्या. अर्धे म्हणत होते मरू दे, अर्धे म्हणत होते शरण आलेल्याला मारणं बरोबर नाही. भांडण वाढायला लागलं तसे साहेब ओरडले, "तह मंजूर है! मंजूर है!" आणि कोणी काही बोलायच्या आत त्यांनी झेंडा तणसात खोवला.

मग त्यांनी भाषण केलं. शत्रूला आपण कसं धूळ चारली ते सांगितलं. शत्रू त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून शिंगाडे सोलून खात होता. भाषण झाल्यावर सत्काराचे हार वाटले तेव्हा एक हार उरला. साहेब घाईत होते, त्यांनी तो शेजारच्याच्या गळ्यात घातला आणि जीपमध्ये बसले. दुसऱ्या गावच्या मंडईला ते पोचले की नाही मला माहीत नाही. शत्रू मात्र हार घालून घरी आला.

जेवायला बसल्यावर त्याने विचारलं, "कोनती खेप बरी होती?"

मी म्हटलं, "पाणी प्यायलेली."

तो समाधानाने दोन वाट्या भात जास्त जेवला.

पुतण्याने शब्द पाळला. भोंग्यात दिलेला शब्द होता, अख्ख्या गावाने आठवण करून दिली असती. पुढच्या साली पोळा झाला, बुढ्याने मिशी काढली आणि मंडईत पुन्हा राजा-राणी लागलं. राजा मेला. बुढा त्याच्यावर पडून रडायला लागला. वय झालं होतं, आवाज फुटत होता, आणि वाकताना कमरेत चमक भरली म्हणून तो राजावर जरा जास्तच पडून राहिला. मागून पोरं ओरडली, "काकाजी, शत्रू करा! शत्रू!"

बुढ्याने रडणं थांबवलं. पदर डोक्यावर नीट घेतला, उठून बसला आणि लोकांना म्हणाला, "शत्रू मागच्या साली शरन आला. आता मुकाट्यानं रानी पाहा." आणि जिथे सोडलं होतं तिथून पुन्हा रडायला लागला. लोकांनी पाहिलं.

घरी आल्यावर त्याने विचारलं, राणी कशी झाली. मी खरं ते सांगितलं. राणी आता बरी होत नाही, शत्रूच चांगला होता. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आणि मग तिसऱ्या दिवशी सकाळी, मी सडा घालत होते, तर ओसरीवरून म्हणाला, "पुढच्या साली रानी पाह्य," आणि पाय लांब करून बसला. त्या साली त्याने मिशी वाढवलीच नाही.